डावा लिबर्टेरियन म्हणजे काय, आणि सरकारने नक्की काय करावं?

विचारणाऱ्याने लिहिलंय की लिबर्टेरियन म्हणजे टॅक्स नको म्हणणारे पैसेवाले, मग त्यात डावे कुठून आले, आणि सरकारच नको तर गरिबाने जायचं कुठे.

शब्दाचं आधी उरकतो. तो मुळात डाव्यांचाच. १८५७ साली जोसेफ देजाक या फ्रेंच अराजकवाद्याने स्वतःच्या मताला ते नाव दिलं, अमेरिकेतल्या बाजारवाल्यांनी तो विसाव्या शतकात उचलला. दोघांनाही सरकारचा जाच नको, डाव्याला शेटचा आणि जमीनदाराचाही नको. झालं.

आता आमची खांड, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. मी अलिबागच्या खारेपाटातला, खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून भात पिकवतात त्या पट्ट्यातला. आजोबांच्या वेळी बाहेरचा बांध जोळाचा, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून सांभाळलेला होता, ज्याची जेवढी जमीन तेवढी त्याने माणसं द्यायची, खांड पडली की कुणी बोलवायला येत नसे, लोक पेंढा घेऊन निघायचेच. पुढे बांध सरकारकडे गेला आणि जोळ म्हाताऱ्यांच्या गप्पांत उरला.

मी बारावीला असताना श्रावणातल्या अमावस्येच्या उधाणाला खांड पडली, दहा-बारा हात असेल. बाबा म्हणाले भांगाचं पाणी आलं, म्हणजे भरती लहान झाली, की बुजवू, वीस माणसं बस झाली. नाना, म्हणजे माझे थोरले काका, जन्माचे लाल बावट्यावाले, ते आडवे आले. "बांद सरकारचा हाय, आपुन कनाला हात लावाचा? हात लावला की बिल निगत नाय." गाव नानांचं ऐकतं. अर्ज झाला. साहेब पंचनाम्याला आला तोवर दोन उधाणं होऊन गेली होती आणि दहा हाताची खांड मचवा आत येईल एवढी झाली होती. मग एस्टिमेट, मग फंड नाही, मग दुसऱ्या वर्षी मे महिन्यात ठेकेदाराने मुरूम ओतला तो जुलैत खाडीत गेला. तीन वर्षं भात नाही. शेतात खारफुटी उगवली, ती तोडायला हायकोर्टाची बंदी (बंदी बरोबरच आहे, झाडाला काय माहीत सातबारा कुणाचा). बाबा मुंबईला वॉचमन झाले ते तेव्हा.

एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते हेच दाखवल्याबद्दल, की सामायिक पाणी, कुरण, मासे हे लोक आपसात नियम करून पिढ्यानपिढ्या सांभाळू शकतात, सरकार नाहीतर खाजगी मालक असे दोनच रस्ते नसतात. ते वाचून मला रडू आलं, खोटं नाही सांगत. बाईंनी आमचा जोळच लिहिलाय असं वाटलं.

नानांचं उत्तर ठरलेलं, अलिबागजवळच्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप. १९३३ ते १९३९ कुळांनी खोतांची जमीन कसली नाही, पण जमीन नावावर झाली ती १९४८ च्या कूळकायद्याने, म्हणजे सरकारनेच ना? बाबासाहेबांनी १९३७ ला खोतीविरुद्ध बिल आणलं ते कायदेमंडळातच ना? खरंय. आमचा सातबारा त्यातलाच. पण नाना, संप आधी झाला, कायदा नंतर आला. आणि खोत घालवला ते चांगलंच केलं, पण मग सरकार स्वतः खोतासारखं येऊन आमच्या बांधावर का बसलं? दादागिरी मोडा, पैसे द्या, आणि बाजूला व्हा, माझ्या मते सरकारचं काम एवढंच.

पैसे कुठून, तर जमिनीतून. हेन्री जॉर्जने १८७९ लाच सांगितलं की जमीन कुणी बनवलेली नाही, तिच्या किमतीवर कर लावा, कष्टावर नको. २०२० ला मुंबईच्या भाऊचा धक्क्यापासून अलिबागजवळच्या मांडव्यापर्यंत रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली, इकडे कंपाऊंड घालून ठेवलेल्या प्लॉटवाल्याने गवताची काडी न हलवता भाव मिळवला. तो वाढावा बोट चालू करणाऱ्या सगळ्यांचा, त्या एकट्याचा कसा?

हां, जोळ म्हणजे काही रामराज्य नव्हतं. बायका डोक्यावरून चिखल वाहायच्या पण बैठकीत त्यांना कोण विचारत नव्हतं, बिनजमिनीवाल्यालाही नाही. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यावेळी जोळाने काय झालं असतं, तिथे सरकारच लागतं. दवाखान्याचंही तेच. त्यामुळे सरकार अजिबात नको म्हणणाऱ्यात मला धरू नका.

पण तुमच्या गावात बांध असेल आणि खांड पडली तर अर्ज जरूर करा, फक्त आधी फोटो काढा, मग पहिल्याच भांगात चिखल-पेंढा टाका, आणि मग अर्ज. नाना हल्ली फोनवर सगळं वाचतात म्हणून इथेच लिहितो, दोन दिवसांचं काम होतं ते. वीस माणसं तयार होती, मी मोजलेली.