अमेरिकेत गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई सगळे एकाच आजाराने मरतात का?

बऱ्याच अंशी हो. गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांत हृदयविकार पहिला, कर्करोग दुसरा. आशियाई वंशीयांत मात्र क्रम उलटा, कर्करोग पुढे. पण 'आशियाई' हा डबा फार मोठा आहे. चिनी, कोरियन आणि भारतीय एकत्र मोजले की आपलं दुखणं झाकलं जातं. भारतीय वंशाचे लोक वेगळे काढले तर पहिला नंबर हृदयविकाराचाच, अगदी बायकांमध्येही. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनी सरासरीवर विसंबू नये.

वयानुसारही चित्र पालटतं. 15 ते 34 वयाच्या कृष्णवर्णीय पुरुषांत खून हे पहिलं कारण. मूळनिवासींमध्ये यकृताचे आजार यादीत बरेच वर. 2020 मध्ये हिस्पॅनिकांत (स्पॅनिश भाषिक देशांतून मूळ असलेले लोक) कोविड पहिल्या क्रमांकावर गेला होता; त्यातले बरेच जण घरून काम करता न येणाऱ्या नोकऱ्यांत होते.