फॅफ्सा कुणी भरायचा, बँकेत कुणी जायचं

वाचकांचे प्रश्न : उच्च शिक्षण आणि कर्ज

प्रश्न (खानापूर तालुका) : माझ्या मुलीला अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ‘आर्थिक मदतीसाठी फॅफ्सा भरा’ असं छापलंय. एक एजंट पंधरा हजार रुपये घेऊन फॉर्म भरून देतो म्हणतो. सरकारी कर्ज असल्यामुळे तारणही लागत नाही, असं त्याचं म्हणणं. भरू का?

उत्तर : भरू नका, आणि पैसेही देऊ नका. फॅफ्सा हा अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून शिक्षणासाठी मदत मागायचा अर्ज आहे. तो भरायला एक पैसाही लागत नाही. त्यावर मिळणारं कर्ज अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासित म्हणून आश्रय मिळालेले अशा ठरावीक लोकांनाच मिळतं. तुमची मुलगी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणार, म्हणजे ती या यादीत बसत नाही. गुण कितीही चांगले असोत, विद्यापीठ कितीही मोठं असो, यात फरक पडत नाही.

एजंटने फॉर्ममध्ये नागरिकत्वाच्या रकान्यात भलतंच काही भरलं, तर प्रकरण नुसत्या नकारावर थांबत नाही. आपण अमेरिकन नागरिक आहोत असा खोटा दावा केल्याचं ठरलं, तर त्या देशाचं दार कायमचं बंद होऊ शकतं. अर्जावर नाव मुलीचं असतं, एजंटचं नव्हे. म्हणून हे इतकं स्पष्ट लिहितो आहोत.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली इथल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज. विद्यापीठ आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र) देण्याआधी पहिल्या वर्षाचा खर्च भागेल याचा पुरावा मागतं, तिथे बँकेचं मंजुरीपत्र चालतं. दुसरी म्हणजे विभागातली असिस्टंटशिप. शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम करून फीमध्ये सूट आणि महिन्याला मानधन मिळतं. त्यासाठी मुलीने विभागाच्या पदव्युत्तर समन्वयकाला थेट ईमेल करावा. प्रवेशपत्र आलं त्याच आठवड्यात केला तर उत्तम, कारण या जागा लवकर भरतात.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : माझा भाचा अमेरिकेत जन्मला, पण तिसरीपासून बेळगावातच वाढला. इंजिनिअरिंगही इथेच झालं. पासपोर्ट अमेरिकन, इथे ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) कार्डावर राहतो. आता एमएससाठी तिकडे निघाला आहे. त्याला अमेरिकन सरकारचं कर्ज मिळेल का? बहिणीचं आणि मेव्हण्यांचं उत्पन्न इथलं आहे, ते दाखवावं लागेल का?

उत्तर : मिळेल. पदव्युत्तर विद्यार्थी फॅफ्सामध्ये स्वतंत्र धरला जातो, त्यामुळे आई-वडिलांचं उत्पन्न विचारलंच जात नाही. भाच्याचं स्वतःचं उत्पन्न मात्र द्यावं लागतं, आणि तेही दोन वर्षांमागचं. २०२६-२७ च्या अर्जात २०२४ सालचं. त्या वर्षी त्याने इथे नोकरी केली असेल, तर रुपयांतला पगार अर्ज भरायच्या दिवसाच्या दराने डॉलरमध्ये लिहायचा.

सुरुवात सोशल सिक्युरिटी नंबरपासून (अमेरिकन सरकारने दिलेला ओळख क्रमांक) करा. जन्मानंतर काढलेलं कार्ड घरात असेल तर ते आधी शोधा, नसेल तर बाकी सगळं थांबेल. मग स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडायचं. इथे हमखास घोटाळा होतो तो नावाचा. आपल्याकडच्या दहावीच्या मार्क्स कार्डावर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं आणि अमेरिकन कार्डावर ते नसतं. खातं उघडताना नाव आणि जन्मतारीख सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तशीच, अक्षरन् अक्षर टाकावी. तिकडच्या नोंदीशी ती पडताळली जाते. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी खातं अडकतं. आणखी एक : अमेरिकन तारखेत महिना आधी येतो. ५ ऑगस्ट हे ०८/०५ असं लिहायचं, हे कायम लक्षात ठेवायला सांगा.

फॉर्म दर वर्षी साधारण १ ऑक्टोबरला खुला होतो. त्यात अमेरिकन कर खात्याकडून माहिती घेण्याची संमती विचारतात. ‘मी तिकडे कधी कर भरलाच नाही, मग संमती कशाला’ म्हणून तो भाग सोडू नये. संमती नसेल तर अर्जदार कर्जाला अपात्र ठरतो. शेवटी विद्यापीठाचा कोड टाकायचा. दोन-तीन ठिकाणी अर्ज केला असेल तर सगळ्यांचे टाकावेत.

आता रकमेचं. पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला जास्तीत जास्त २०,५०० डॉलर मिळतात. हे कर्ज ‘अनसब्सिडाइज्ड’ आहे, म्हणजे व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. शिकत असताना सरकार व्याज भरतं ती सोय पदव्युत्तरसाठी १ जुलै २०१२ पासून बंद आहे. २०२५-२६ साली दर ७.९४ टक्के होता. त्या दराने २०,५०० वर वर्षाला सुमारे १,६२८ डॉलर व्याज होतं. शिवाय कर्ज हातात येण्याआधी १.०५७ टक्के शुल्क कापलं जातं. त्यामुळे २०,५०० मागितले तर सुमारे २०,२८३ च पोचतात. फीचा हिशेब या दुसऱ्या आकड्यावर करा.

पूर्वी उरलेला खर्च ‘ग्रॅड प्लस’ या दुसऱ्या सरकारी कर्जातून भागायचा. २०२५ च्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केलं. आता पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर ही मर्यादा आहे. वैद्यकीय, कायदा अशा व्यावसायिक पदव्यांना वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख. जुनी माहिती वाचून ‘बाकीचं ग्रॅड प्लस देईल’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. समजा फी ३२ हजार आणि राहणं-खाणं १८ हजार, म्हणजे वर्षाला ५० हजार डॉलर. सरकारी कर्ज मिळूनही सुमारे २९,७०० कमी पडतात. ते असिस्टंटशिपमधून, घरच्या पैशातून किंवा खासगी कर्जातून उभे करायचे. खासगी कर्जाला बहुधा अमेरिकेत राहणारा सहकर्जदार लागतो. इथल्या बहुतेक बँका शैक्षणिक कर्जासाठी भारतीय नागरिकत्व मागतात, त्यामुळे ओसीआय कार्डावर ती वाट अवघडच आहे. आमच्या मते भाच्याने कमी फीचं राज्य विद्यापीठ आणि असिस्टंटशिप या दोन गोष्टी नावाजलेल्या नावाच्या वर ठेवाव्यात.

विद्यापीठाने रक्कम कळवली की ऑनलाइन समुपदेशन पूर्ण करायचं, वचनपत्रावर सही करायची, मग पैसे सहसा प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला अर्धे-अर्धे येतात. ते आधी फीत वळते होतात, उरलेले त्याच्या खात्यावर. किमान अर्धवेळ नोंदणी हवीच, आणि नव्या नियमात पूर्णवेळपेक्षा कमी विषय घेतले तर त्या प्रमाणात कर्जही कमी होतं. शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. फॅफ्सा दर वर्षी नव्याने भरायचा असतो, दुसऱ्या वर्षी विसरणारे पुष्कळ असतात.

प्रश्न (निपाणी) : मुलाला परदेशी शिक्षणासाठी २० लाखांचं कर्ज हवं आहे. दोन एकर ऊस आहे, तो तारण देतो म्हटलं तर बँक नको म्हणते. माझं खातं आणि ठेव कोल्हापुरात आहे. तिथे म्हणतात, तुम्ही कर्नाटकातले, तिकडेच बघा.

उत्तर : शेतीबद्दल बँक बरोबर सांगते आहे. कर्ज थकलं तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने तारण विकते, पण त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. जी जमीन या कायद्याने विकता येत नाही, ती शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँक घेत नाही. जमीन कितीही काळीभोर असो.

साडेसात लाखांपर्यंत तारणाची गरज नाही. त्यापुढच्या कर्जाला बिनशेती जागा, घर, मुदत ठेव किंवा विम्याची पॉलिसी चालते. म्हणजे तुमची कोल्हापूरची ठेवच उपयोगी आहे. घर तारण देणार असाल, तर ग्रामपंचायतीच्या हद्दीतलं असल्यास ई-स्वत्तू या कर्नाटकाच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा फॉर्म ९ आणि ११ लागतो. त्यात ११ए की ११बी हे घरी बसूनच तपासा, कारण ११बी म्हणजे परवानगीविना पाडलेल्या प्लॉटची नोंद, आणि त्यावर बँका सहसा कर्ज देत नाहीत. घर अजून आजोबांच्या नावावर असेल, तर वारसा नोंद आधी लावा. ही फेरफाराची कामं महिनोन्महिने चालतात, म्हणून प्रवेशपत्राची वाट न पाहता लागा. सब-रजिस्ट्रारकडून ई.सी. (मालमत्तेवरच्या बोजाचा दाखला) काढा, तिचा फॉर्म १५ आला तर त्यात आधीचा बोजा दिसतो.

कोल्हापूरच्या शाखेला सांगा की शैक्षणिक कर्जाला सेवाक्षेत्राचं (शाखेला ठरवून दिलेल्या भागाचं) बंधन लागू नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळवलं आहे. नकार दिला तर कारणासह लेखी मागा. खरी अडचण निराळी असते : तिकडचा वकील सातबारा मागतो, आपल्याकडे त्याऐवजी आर.टी.सी. हा कर्नाटकातला जमिनीचा उतारा असतो आणि सगळे कागद कन्नडात. प्रत्येकाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आधार, पॅन, पासपोर्ट आणि भाषांतर या चारही ठिकाणी एकच आहे का, ते शेजारी ठेवून वाचा.

तुमचा स्वतःचा सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचा) अहवालही काढा. सहकर्जदार तुम्हीच असणार. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाला कुणासाठी जामीन राहिला असाल आणि त्याने थकवलं असेल, तर ते तुमच्याही नावावर दिसू शकतं. परदेशी शिक्षणासाठी खर्चाचा १५ टक्के वाटा तुमचा असतो, म्हणजे खर्च २० लाख असेल तर ३ लाख घरचे. अर्ज विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवर एकदाच भरून तीन बँकांना पाठवता येतो.

प्रश्न (चिकोडी) : पीएम विद्यालक्ष्मी योजनेतली ३ टक्के व्याजसवलत परदेशातल्या एमएसला मिळते का?

उत्तर : नाही. ती भारतातल्या निवडक संस्थांपुरती आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या एका वर्षात सवलत मिळते. विद्यालक्ष्मी पोर्टल आणि पीएम विद्यालक्ष्मी योजना यांची नावं सारखी असली तरी गोष्टी दोन आहेत. परदेशासाठी अर्ज पोर्टलवर चालतो, योजनेत नाही.