टॉर्च, मांजर आणि जॅकार्डचे पुठ्ठे

"मॅडम, टॉर्च पॉझिटिव्ह आलीय. आता मूल टिकणारच नाही का?"

टॉर्च म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही अशा काही जंतूंसाठीची रक्ततपासणी. मी डॉक्टर नाही, हॉस्पिटलात समुपदेशनाचं काम करते, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. कधी फोनवर, कधी ओपीडीबाहेरच्या बाकावर, एकदा तर सात रस्त्याला भाजी घेताना. विचारणारी बहुतेक वेळा बाईच असते. रिपोर्टची घडी इतक्यांदा उलगडलेली असते की कागद घडीवर फाटायला आलेला असतो. या प्रश्नाला मी आता जे उत्तर देते, ते मला रेखा आणि श्रीनिवास यांच्यामुळे नीट देता यायला लागलं. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला दोघांचीही हरकत नाही.

रेखा सव्वीस वर्षांची, सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, बाहेर मराठी. श्रीनिवास टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालू ठेवणारा. तो तिच्या आत्याचा मुलगा, म्हणजे सासू हीच आत्या. तेलुगूत दोघींनाही 'अत्ता'च म्हणतात. माझ्याकडे आली तेव्हा गड्ड्याची जत्रा चालू होती आणि तिसरा गर्भपात होऊन महिना झाला होता. तिन्ही वेळा सात ते नऊ आठवड्यांच्या मध्ये.

पिशवीतून तिने टॉर्चचे तीन रिपोर्ट काढले, तीन वर्षांचे. तिन्हींवर टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला आणि सीएमव्ही यांच्यासमोर 'आयजीजी पॉझिटिव्ह', आकड्यांखाली लाल रेघ. ताजी लागण दाखवणारं 'आयजीएम' सगळीकडे निगेटिव्ह, पण त्याखाली कुणी रेघ मारली नव्हती. पहिल्या रिपोर्टनंतर तिला महिनोन् महिने गोळ्या दिल्या गेल्या. टॉक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेतून पसरतो, म्हणून घरात सांगितलं गेलं की मांजरामुळे झालंय. मागाच्या शेडमध्ये उंदरांसाठी ठेवलेली मांजर होती, ती अत्तांनी पोत्यात घालून अक्कलकोट रोडला सोडून आणली. पुढच्या वर्षी पुन्हा पॉझिटिव्ह.

"मांजर गेली, गोळ्या झाल्या, तरी जंतू जाईना ओ मॅडम. माझ्या अंगातच बसलाय."

मी तिला म्हटलं, "गोवर झाला होता का लहानपणी? आता त्याची भीती वाटते का?" भीती नाही म्हणाली. आयजीजी तेवढंच सांगतं. तो जंतू कधीतरी येऊन गेला किंवा त्याची लस मिळाली, आणि शरीराने त्याची ओळख जपून ठेवली. ही ओळख वर्षानुवर्षं राहते, म्हणून रिपोर्ट दर वर्षी पॉझिटिव्हच येणार. सीएमव्हीचं आयजीजी आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांत सापडेल, माझ्यातही असेल. रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह असणं तर चांगलं. ते नसलं तर आम्ही गरोदरपणाआधी लस घ्यायला सांगतो, कारण गरोदरपणाच्या सुरुवातीला पहिल्यांदाच रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना, हृदयाला धोका असतो. हे पहिल्यांदा १९४१ साली नॉर्मन ग्रेग नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. मोतीबिंदू घेऊन जन्मलेली इतकी बाळं का येतायत, हे त्यांनी आयांना विचारून शोधलं.

टॉक्सोचंही तसंच. धोका असतो तो गरोदरपणात किंवा त्याच्या थोडं आधी पहिल्यांदा लागण झाली तर. पुन्हा पुन्हा गर्भपात घडवायचा तर जंतूने गर्भाशयात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसायला हवं, आणि टॉर्चमधले जंतू तसे वागत नाहीत. म्हणूनच वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईची टॉर्च तपासणी करून उपयोग नाही, असं ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने कधीच सांगून टाकलंय. आपल्याकडे तरीही लिहून दिली जाते. पॅकेजमध्येच असते आणि काही ना काही पॉझिटिव्ह येतंच.

रेखाच्या पिशवीत आणखी एक बाटली निघाली, आतून धुण्याचं सुगंधी औषध. 'जंतू घालवायला' म्हणून शेजारणीने दिलेलं. मी ते तेवढं बंद करायला लावलं. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू राहतात, ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे बाकीचे उपद्रवी जंतू वाढत नाहीत. आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी हे १८९२ मध्येच लिहून ठेवलंय. आपण धुऊन काढतो ते हे राखणदार. वास, खाज असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. घरातल्या घरात धुवायचं नाही.

मग डॉक्टरांनी खऱ्या कामाच्या तपासण्या लिहिल्या. थायरॉइड, साखर, गर्भाशयात पडदा आहे का हे बघायला थ्रीडी सोनोग्राफी, आणि रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरणारी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी. ही शेवटची बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात. ती महत्त्वाची अशासाठी की सापडली तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनने उपचार होतो. रेखाचं सगळं नॉर्मल. राहिली दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी, कॅरिओटाइप. हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात, पांढऱ्या पेशी तीन दिवस वाढवतात, विभागणीच्या मधेच थांबवतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नमुना पुण्याला गेला. रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले.

श्रीनिवास रक्त द्यायला तयार नव्हता. "मला काय झालंय? गर्भ तिचा पडतो." ओरडून नाही, खरंच न समजून म्हणाला. मी एवढंच सांगितलं की गर्भाच्या ४६ गुणसूत्रांपैकी २३ तुमची असतात.

त्या तीन आठवड्यांत घरात दुसरं कारण निघालं. मेनरिकम, म्हणजे आत्या-मामाच्या मुलांचं लग्न, केलं म्हणून. नात्यात लग्न झालेल्या प्रत्येक जोडप्याला हे ऐकावं लागतं आणि त्यात अर्धं खरं असतं. थॅलॅसेमियासारख्या आजारांत आई आणि बाप दोघांकडूनही तोच बिघडलेला जनुक यावा लागतो, आणि एकाच घराण्यातली माणसं असली की तशी शक्यता वाढते. पण म्हणून नात्यातल्या प्रत्येक लग्नात गर्भ पडतात असं नाही. तसं असतं तर अर्धं सोलापूर जन्मालाच आलं नसतं.

रिपोर्ट आला. रेखा नॉर्मल. श्रीनिवासच्या दोन गुणसूत्रांची टोकं एकमेकांत अदलाबदल झालेली, म्हणजे बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी शंभरातल्या दोन ते पाच जोडप्यांत असं काही सापडतं.

इथे मी चुकले. मला रेखासाठी इतकं हायसं वाटलं होतं की दोघं बसायच्या आत मी म्हणून गेले, "रेखा, तुझ्यात काहीच नाहीये!" तिचा चेहरा सुटला आणि त्याचा मिटला. तीन वर्षं तिच्या डोक्यावर होता तो दगड मी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला, एवढंच झालं. पंधरा वर्षांच्या कामानंतर.

तो काहीच बोलेना. म्हणून मी समजावण्याऐवजी विचारलं, "कारखान्यात जॅकार्ड लावलंय का?"

"दोन मशीनवर. चादरीच्या."

"नक्षीचे पुठ्ठे असतात ना, भोकं पाडलेले, माळेसारखे शिवलेले? समजा दोन माळांची शेवटची टोकं कापली आणि हिचं टोक तिला, तिचं हिला शिवलं. पुठ्ठा एकही हरवला नाही."

"दोन्ही माळा मशीनवर असतील तर नक्षी पुरी व्हईल," तो म्हणाला. "पुठ्ठे सगळे हाईतच की." मग थांबला. "पण एकच माळ दुसऱ्या कारखान्याला दिली तर..."

"तर?"

"काही पुठ्ठे दोनदा, काही नाहीतच. नक्षी बिघडणार."

माझ्यापेक्षा त्याने ते नीट सांगितलं. त्याच्या स्वतःच्या अंगात सगळे पुठ्ठे आहेत, म्हणून तो धडधाकट. प्रश्न येतो तो मुलाला अर्धी वाटणी देताना. कधी दोन्ही मूळच्या माळा जातात आणि मूल अगदी नॉर्मल. कधी दोन्ही बदललेल्या जातात आणि मूल बापासारखंच निरोगी. कधी एक मूळ आणि एक बदललेली जाते, तेव्हा गर्भ बहुधा सुरुवातीलाच थांबतो. हे वाटे समान नसतात, कुठल्या गुणसूत्राचा किती तुकडा आहे त्यावर प्रमाण बदलतं. तसंही, पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा गोंधळ असतो, आईबाप दोघं नॉर्मल असले तरी. रेखाने जिना चढला, पपई खाल्ली, मांजर पाळली, यातल्या कशानेही गुणसूत्रं बदलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवास एकटाच आला. दारातूनच म्हणाला, "मॅडम, घरी सांगू नका. त्यांना वाटतंय तसं वाटू द्या. हिला सवय झालीय."

ही 'सवय' ऐकून माझ्या हातातलं पेन थांबलं. खरं सांगते, मला राग आला. पण रिपोर्ट त्याचा आहे आणि तो मी कुणाला सांगू शकत नाही, सासूला तर नाहीच. मी म्हटलं, "मी सांगणार नाही. पण रेखात काही आहे असं मला कुणी विचारलं तर 'नाही' म्हणेन, कारण ते तिचं खरं आहे. आणि तुमच्या बहिणीचं काय? भिवंडीला दिलीय ना? तिच्यातही हे असू शकतं. तिच्यावर अशी वेळ आली तर तिलाही मांजर सोडून यायला सांगणार?"

तो उठून गेला. पुढे कितीतरी महिने काही कळलं नाही.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा पूर्व भागातली सगळी माणसं घरी असतात. रथानंतरच्या आठवड्यात तिघंही आली. श्रीनिवासने घरी सांगितलं होतं. बहिणीच्या घरी काहीतरी झालं असावं, मी विचारलं नाही. अत्ता खुर्चीवर न बसता स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मलाबी गेली ना," त्या म्हणाल्या. "चार. दोन याच्या आधी, दोन याच्या मागून. कुणी इचारलं नाही, मी बोलली नाही."

रेखा त्यांच्याकडे बघतच राहिली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ती त्यांची सख्खी भाची.

मी पहिल्याच दिवशी या कुटुंबाची वंशावळ काढली होती, चौकोन आणि गोल काढून. श्रीनिवासच्या आईखाली दोन मुलं लिहिली आणि पुढे गेले. किती पोटात राहिली हे विचारलं नाही. आता प्रत्येक बाईला विचारते, 'किती मुलं?' असं नाही, 'किती वेळा दिवस गेले?' असं. अत्तांनी स्वतःचं रक्त द्यायला नकार दिला. "आता माझं काय तपासता." ते रास्तच होतं. त्यामुळे बदल त्यांच्याकडून आला हा अंदाजच राहिला. पण आत्याचा भाऊ म्हणजे रेखाचे वडील, तोच बदल त्यांच्याकडून तिच्यातही येऊ शकला असता, त्यामुळे रेखाचा रिपोर्ट नॉर्मल आला याचं महत्त्व मला त्या दिवशी दुप्पट कळलं.

पुढे काय करायचं यावर दोन बैठका झाल्या. आयव्हीएफ करून, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून, गर्भाच्या पेशी तपासून योग्य तोच गर्भाशयात सोडता येतो. पण खर्च मोठा, आणि तेवढ्याने मूल होईलच असं नाही. दुसरा रस्ता नैसर्गिक प्रयत्नाचा. २००६ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त गर्भपात झालेल्या आणि एकात अशी अदलाबदल असलेल्या जोडप्यांना काही वर्षं पुढे बघितलं, तर ८३ टक्क्यांना किमान एक निरोगी मूल झालं. अदलाबदल नसलेल्यांत हाच आकडा ८४. वाटेत गर्भपात मात्र अदलाबदलवाल्यांना जास्त झाले. मी दोन्ही वाक्यं सांगितली, पहिलं एकटं सांगणं म्हणजे फसवणूक. त्यांनी दुसरा रस्ता घेतला.

चौथाही गेला, आठव्या आठवड्यात. या वेळी गर्भाचा अंश तपासायला पाठवला. तो सलाईनमध्येच पाठवावा लागतो. फॉर्मेलिनमध्ये टाकला की पेशी मरतात आणि तपासणी फुकट जाते. मी स्वतः ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभी राहून बाटली बघितली. उत्तर आलं ते श्रीनिवासने सांगितलेलंच होतं, एक तुकडा जादा, एक कमी. रेखा रडली, पण या वेळी "माझं काय चुकलं" हे वाक्य आलं नाही.

पाचव्यांदा बारा आठवडे ओलांडले. सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासणी केली. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यात दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या बाईला ही तपासणी करता येते, संमतीचा फॉर्म भरून. रिपोर्टमध्ये मुलगा की मुलगी हे कुठेही लिहीत नाहीत. अत्तांनी तो प्रश्न विचारला नाही, हे मला जरा नवल वाटलं.

त्यांनी विचारलं ते वेगळंच. "मॅडम, दोष आलाय का लेकरात?"

माझ्याआधी श्रीनिवास बोलला. "माझ्यासारखं हाय. मला काय झालंय?"

तेच वाक्य, दीड वर्षांपूर्वीचं.

निघताना रेखा मागे राहिली. शेडमध्ये परत एक मांजर यायला लागलीय, पिल्लू आहे, चालेल का असं विचारत होती. चालेल म्हटलं. घाण तेवढी श्रीनिवासला काढू दे.