गळती न होताही

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तेल उत्खननाचा प्राण्यांवर काय परिणाम होतो, या तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. तेलाने माखलेल्या पक्ष्याच्या फोटोने तू सुरुवात केली आहेस, सगळेच करतात. 1989 साली अलास्कात ‘एक्झॉन वाल्डीझ’ टँकर खडकावर आपटला आणि अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी मेले, ते विसरू नयेच. पण तो अपघात वाहतुकीतला. तुझा विषय उत्खनन आहे. तेव्हा जिथे काहीच बिघडलेलं नाही, अशा साध्या दिवशी काय होतं ते आधी लिही.

अलास्काचा उत्तर किनाराच घे. जमिनीला हादरे देऊन तेलाचा ठाव घेणारी अवजड वाहनं तिथे हिवाळ्यात उतरवतात, कारण उन्हाळ्यात टुंड्राचा चिखल होतो. नेमक्या त्याच महिन्यांत ध्रुवीय अस्वलाची मादी बर्फातल्या गुहेत व्यालेली असते. पिल्लू जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं, आंधळं. बिथरून आईने गुहा सोडली तर ते जगत नाही. गुहा आधी शोधू आणि लांब राहू, असं कंपन्या सांगतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र विमानातल्या उष्णतादर्शक कॅमेऱ्यांना निम्म्याहून कमी गुहा सापडल्याचं दिसलं. हे तुझ्या मसुद्यात कुठेच नाही, आणि माझ्या मते लेखाचा कणा हाच आहे.

कॅरिबूंबद्दल, म्हणजे तिथल्या रेनडिअर हरणांबद्दल, जरा सांभाळून. याच किनाऱ्यावरच्या प्रूडो बेच्या तेलक्षेत्राजवळचा कळप 1970च्या दशकात सुमारे 5,000 होता, 2010 पर्यंत तो 70,000च्या आसपास गेला. तेलवाले हा आकडा तोंडावर फेकणारच, तर तूच आधी दे. पुढे तो कळप झपाट्याने घटला. त्याचं खापर सरसकट तेलावर फोडू नकोस. तुझा मुद्दा वेगळा आहे. नवजात पाडसं घेऊन हिंडणाऱ्या माद्या रस्त्यांपासून चार-चार किलोमीटर लांब राहतात. प्रूडो बेला सरकायला मागे ऐसपैस मैदान होतं. पूर्वेकडच्या आर्क्टिक अभयारण्यात डोंगर आणि समुद्र यांच्यामधली पट्टी अरुंद आहे. तिथल्या ‘पॉर्क्युपाइन’ नावाच्या कॅरिबू कळपाने मागे सरकायचं म्हणजे लांडगे आणि तपकिरी अस्वलं जास्त असलेल्या डोंगरउताराकडे जायचं.

तिथल्या ग्विचिन आदिवासींना शेवटच्या परिच्छेदात ढकलू नकोस. त्यांचं पोट पिढ्यान्‌पिढ्या याच पॉर्क्युपाइन कळपावर आहे.

अंटार्क्टिका मात्र वगळ. 1991च्या माद्रिद कराराने तिथे खनिज उत्खननाला बंदी आहे. म्हणजे पेंग्विनचा फोटोही गेला, कितीही गोड असला तरी.

दुरुस्त मसुदा सावकाश पाठव, घाई नाही.