तपासणीपुरता विठोबा

"आक्का, मी 37, नवरा 41, लग्नाला नऊ वर्षं झाली, रजिस्टर लग्न. आम्ही दोघंही देव मानत नाही. घरात देव्हारा नाही, कधी सत्यनारायण घातला नाही, गणपतीला मित्राकडं जातो तेव्हा आरतीला मागं उभं राहतो एवढंच. दत्तकासाठी काराच्या (सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या) पोर्टलवर नोंदणी केलीय, 2 ते 4 वर्षांचं मूल चालेल म्हणून भरलंय, पुढच्या महिन्यात सोशल वर्कर होम स्टडीला, म्हणजे घरची तपासणी करायला, येणार. तेव्हापासनं झोप उडालीय. शेजारच्या काकू म्हणतात देवाचा एक तरी फोटो लाव, नास्तिकांच्या पदरात पोर कोण घालणार. सासूबाई माळकरी, खानापूर तालुक्यात गावाकडं असतात, त्या म्हणतात मी येताना माझा विठोबा घेऊन येते, तपासणीपुरता ठेव, बाई गेली की परत नेते. नवरा म्हणतो नाटक करायचं नाही. मलाही नाटक नको, पण मूल पाहिजे. काय करू?
ता.क. मूल मराठीच असेल ना? ह्यांना तेवढंच वाटतंय.
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव"

अगं पोरी, तुझं पत्र वाचून आधी मी सासूबाईंना मनातल्या मनात नमस्कार केला. जन्मभर ज्याची पूजा केली तो विठोबा पिशवीत घालून एसटीनं आणायचा, तोही तपासणीपुरता, आणि कुणासाठी तर देव न मानणाऱ्या सुनेसाठी! ह्या बाईला जप, तुला पुढं फार उपयोगी पडणार आहे. कसं ते नंतर सांगते.

आधी तुझी भीती काढू. 2015 च्या बालन्याय कायद्यानं दत्तक घेणाऱ्याकडून काय मागितलंय, तर तब्येत धड पाहिजे, पैशाची सोय पाहिजे, डोकं ठिकाणावर पाहिजे आणि मुलाची खरी ओढ पाहिजे. जोडपं असेल तर दोघांची संमती आणि संसार निदान दोन वर्षांचा. तुमच्या दोघांच्या वयाची बेरीज 78, आणि 2 ते 4 च्या मुलासाठी 90 पर्यंत चालते, म्हणजे तिथंही अडचण नाही. ह्यात देव कुठं आला? कुठलाही धर्म असला तरी बालन्याय कायद्यानं दत्तक घेता येतं हे सुप्रीम कोर्टानं 2014 सालीच, ह्याच्या आधीच्या बालन्याय कायद्याच्या वेळी, सांगून ठेवलंय. आणि गंमत बघ, हिंदूंसाठी 1956 चा जो वेगळा दत्तक कायदा आहे ना, त्याच्या लेखी हिंदू घरात जन्मलेली बाई नुसतं देव मानणं सोडल्यानं हिंदूपणातनं बाहेर पडत नाही, म्हणजे तिथं तू अजून हिंदूच. आणि त्या कायद्यातसुद्धा दत्तहोम जरुरीचा नाही असं लिहून ठेवलंय. तेव्हा उद्या कुणी भाऊबंद होम केल्याशिवाय दत्तक लागू होत नाही म्हणाला तर त्याला चहा दे आणि घरी पाठव. तुमच्या वाटेनं तर 2022 च्या सप्टेंबरपासनं कोर्टाची पायरीपण नाही, डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) सहीचा आदेश निघतो आणि जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून तुमची नावं येतात.

फॉर्मवर कुठं धर्माचा रकाना आला तर जे आहे ते लिही. धर्म सांगायची सक्ती कुणावर करता येत नाही असं मुंबई हायकोर्टानं 2014 मध्ये म्हटलंय. ते आपलं हायकोर्ट नव्हे मान्य, पण ज्या घटनेच्या आधारानं म्हटलंय ती घटना काय निपाणीच्या नाक्यावर बदलत नाही.

आता ती सोशल वर्कर बाई येऊन बघते काय? आमच्या एका मावसबहिणीकडं आली होती तेव्हा मी तिथंच होते, पोळ्या लाटायला बोलावलं होतं मला. तिनं भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही गं. विचारलं काय, तर संध्याकाळी पाच ते सात मूल कुणाजवळ असणार. रजा मिळते का. दत्तक घ्यायची कल्पना आधी कुणाची, आणि दुसरा नुसता होला हो करतोय का. मूल महिनाभर बोललंच नाही तर काय कराल. दत्तक आहे हे त्याला सांगणार का, कधी सांगणार. तुम्हा दोघांचं काही बरंवाईट झालं तर कोण बघणार. ह्या शेवटच्या प्रश्नाला बहिणीचा नवरा असा गप्प झाला की आत माझी पोळी करपली. तुम्ही दोघं देव्हाऱ्यावरनं भांडताय, ह्या प्रश्नाचं उत्तर ठरवलंय का? आज रात्रीच बसा, आणि ज्याचं नाव सांगणार त्याला आधी विचारा.

तर तपासणीपुरता विठोबा आणू नको. पकडली जाशील म्हणून नव्हे, नाहीच पकडणार कोण. पण तो होम स्टडीचा कागद तीन वर्षं चालतो, त्याच्यावर बघून मूल तुमच्याकडं यायचं, आणि मूल आल्यावरपण दोन वर्षं दर सहा महिन्यांनी कुणीतरी बघायला येणार. दर वेळी विठोबानं खानापूर ते टिळकवाडी ये-जा करायची काय?

पण सासूबाई जर मूल आल्यावर मदतीला राहायलाच येणार असतील, आणि त्यांनी यावंच असं मला वाटतं, तर विठोबा त्यांच्याबरोबर येऊंदे की! त्यांच्या खोलीत, त्यांच्या कपाटावर, कायमचा. ते काही नाटक नव्हे. त्या बाईचं ते खरंच आहे. होम स्टडीत सरळ सांग, आम्ही दोघं देव मानत नाही, आई मानतात, आमच्यात भांडण नाही. शेजारच्या काकू काहीही म्हणोत, असं घर कुठल्याही सोशल वर्करला आवडेल.

आणि काकू कधी "ओळखीत एक मुलगी अडलीय, स्टँपवर लिहून देतील, कशाला ती कारा न् फिरा" असलं सुचवायला लागल्या तर तिथनं उठ. ही वाट सोडून अनाथ, टाकलेलं किंवा आईबापांनी सोपवलेलं मूल परस्पर घेतलं-दिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाख दंड, नाहीतर दोन्ही. आणि पैसे देऊन घेतलं तर पाच वर्षांपर्यंत.

आता जरा तुम्हा दोघांना बोलते, राग मानू नको. तुला मूल पाहिजे का चळवळीला कार्यकर्ता पाहिजे? तीन वर्षांचं पोर संस्थेतनं येतं तेव्हा कोरं येत नाही. तिथं त्याला काही सवयी लागलेल्या असतात, आणि त्या सवयीच त्याच्या सामानातल्या एकमेव वस्तू असतात. बहिणीकडं पोरगी आली ती साडेतीन वर्षांची. पहिल्या रात्री पाट मांडले, आमटी-भात वाढला, वर तूप. भावजींनी (ते तुझ्या नवऱ्याच्या वरताण, आईच्या दिवसकार्यालासुद्धा भटजी बोलावला नाही) पहिला घास तोंडात घातला. पोरगी हात जोडून, डोळे गच्च मिटून काहीतरी पुटपुटत होती. कन्नडमध्ये. मग एक डोळा किलकिला करून तिनं भावजींकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आलं म्हणून सांगू, हा माणूस आता मार खाणार असं. भावजींनी घास गिळला पण नाही, तसाच गालात धरून हात जोडले. तिचं संपेपर्यंत. मग ती जेवली. पुढं कितीतरी महिने त्या घरात जेवायच्या आधी सगळे हात जोडून बसायचे, आणि काय म्हणतोय ते एकालाही कळत नव्हतं. आता ती आठवीत आहे. अजून हात जोडते का नाही ते मला आठवत नाही, मागच्या वेळी गेले तेव्हा तरी मोबाइल बघत जेवत होती.

तुमच्याकडंपण असं काही होणार. तेव्हा त्याला समजवायला जाऊ नका. ते पोर दहा वर्षांचं झालं की स्वतःच विचारेल बाबा देव आहे काय, तेव्हा काय घालायचा तो वाद घाला. आणि दत्तक असल्याचं मात्र पहिल्या दिवसापासनं सांगत राहा, "तू घरी आलास त्या दिवशी पाऊस होता" असल्या गोष्टीतनं. पाहुण्यांतल्या कुणी लग्नात तोंड उघडायच्या आधी.

पाहुण्यांवरनं आठवलं. जोतिबा-सावित्रीबाईंनी 1874 मध्ये काशीबाई म्हणून एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत. ते नास्तिक नव्हते, निर्मिक म्हणजे सृष्टीचा कर्ता मानायचे, पण मधे भटजी नको म्हणायचे. तो यशवंत पुढं डॉक्टर झाला. आणि 1890 ला जोतिबा गेले तेव्हा भाऊबंद आडवे आले, दत्तकाला टिटवं (अंत्ययात्रेच्या पुढं धरायचं मडकं) धरायचा हक्क नाही म्हणून, तर सावित्रीबाईंनी स्वतः ते धरलं आणि पुढं चालल्या. तुझ्याकडचे भाऊबंद काय वेगळे असणार? हे सासूबाईंना सांग बघ, त्यांना आवडेल.

आता तुझं ताजा कलम. खरं सांगू, सगळ्या पत्रात मला खटकलं ते एवढंच.

मूल मराठीच असेल ना. नसेल की! ही नोंदणी देशभराची असते, मूल कुठलंही येऊ शकतं. बागलकोटचं येईल, ओडिशाचं येईल. फोटो आणि तब्येतीचे कागद दाखवले की राखून ठेवायला 48 तास देतात, तेवढ्यात तुम्ही मातृभाषा विचारत बसणार काय? तुझा नवरा दर 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला, काळी फीत लावून सायकल फेरीत जात असेल, जाऊंदे, माझे वडील गेले, भाऊ जातो, माझं काही म्हणणं नाही. सीमाभागात मराठी टिकवायला आपण काय काय सोसलंय ते मला शिकवायची गरज नाही. पण ते भांडण सरकारशी आहे. तीन वर्षांचं पोर रात्री दोनला उठून "नीर बेक" म्हणून रडायला लागलं तर त्याला पाणीच द्यायचं असतं गं, मराठीत मागितलंस तर मिळेल असं नाही म्हणायचं. देव सोडणं तुम्हाला सोपं गेलं, कारण तो आधीपासनं नकोच होता. भाषेचं तसं नाही. होम स्टडीच्या आधी दोघांनी खरं काय ठरवायचं असेल तर हे ठरवा, मूल तुला आईच्या ऐवजी अव्वा म्हणालं आणि ह्यांच्या मित्रांसमोर म्हणालं तर ह्यांचं तोंड कसं होणार. ह्यांना खरंच जमणार नसेल तर आत्ताच बोल, मूल आल्यावर नको.

मराठी त्याला येईलच. सासूबाई हरिपाठ म्हणतील, गल्लीतली पोरं लगोरी खेळायला नेतील, सहा महिन्यांत तुझ्यापेक्षा बेळगावी बोलेल, "काय करालाईस गं" म्हणून. तोवर तुम्ही चार शब्द शिका. नवरा उद्यमबागेकडं कामाला असेल तर तिथं कन्नड कानावर पडतच असणार, त्याला यायला पाहिजे की, का येऊन न आल्यासारखं करतो? आणि त्या शेजारच्या काकूंना कन्नड येत असेल तर देवाचा फोटो राहूंदे, ह्या कामाला लाव त्यांना.

होम स्टडीच्या दिवशी घर फार आवरू नको. चहा कर, पोहे कर. कुंद्याचा बॉक्स हातात देऊ नको, बाईला अवघडल्यासारखं होतं, बहिणीनं दिला होता तो तिनं टेबलावरच ठेवला आणि मग आम्ही आठवडाभर खाल्ला.

– आक्का