डाव्या कोपराविषयी

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. बेसबॉलमधल्या तुझ्या फास्टबॉलचा, म्हणजे सरळ वेगवान चेंडूचा, वेग ताशी आणखी पाच मैलांनी कसा वाढवावा, हे तू त्यात तीन ठिकाणी विचारले आहेस. रात्री कोपर ठणकते ही गोष्ट मात्र शेवटी ताजा कलम घालून एका ओळीत उरकली आहेस आणि वर बाबांना कळवू नये अशी विनंतीही केली आहेस. ती ओळ वाचण्याआधीच मला शंका आली होती. गेल्या शनिवारी सामना संपल्यावर बाकावर बसून तू पाण्याच्या बाटलीचे झाकण उजव्या हाताने उघडलेस. जन्माचा डावखुरा मुलगा झाकण उजव्या हाताने फिरवू लागला, की समजायचे ते समजते.

म्हणून तुझ्या प्रश्नाचे आणि त्या शेवटच्या ओळीचे उत्तर मी एकत्रच देतो, आणि ते सँडी कोफॅक्सच्या आधाराने देतो, कारण तुझ्या खोलीच्या भिंतीवर त्याचेच चित्र आहे आणि 32 क्रमांकाचा सदराही तू त्याच्यासाठीच मागून घेतलास. त्याचे आकडे तुला तोंडपाठ आहेत. तरीही हे पत्र तू पुण्याला आजींना वाचून दाखवशील असे धरून ते थोडे उलगडून लिहितो. 1962 ते 1966 या पाच हंगामांत लॉस एंजेलिस डॉजर्सच्या या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, 111 सामने जिंकले आणि 34 गमावले. दर नऊ इनिंगमागे (डावांमागे) दिलेल्या धावांची नॅशनल लीगमधील, म्हणजे अमेरिकेतल्या दोन मुख्य लीगांपैकी एकीतील, सर्वांत कमी सरासरी पाचही वर्षे त्याचीच होती. 1962 पासून सलग चार वर्षे त्याने दरवर्षी एक नो-हिटर टाकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळाली नाही, फटका मारून एकदाही सुखरूप बेस गाठता आला नाही, असा सामना. त्यांतला चौथा, 9 सप्टेंबर 1965 रोजी शिकागो कब्जविरुद्धचा, परफेक्ट गेम होता: 27 बॅटर आले, 27 बाद होऊन परतले आणि बेसवर कोणीही पोहोचला नाही. त्या रात्री समोरच्या बॉब हेंडलीनेही साऱ्या सामन्यात एकच हिट दिली होती आणि तरी तो 1-0 असा हरला. मला त्या सामन्यात हेंडलीचीही आठवण ठेवावीशी वाटते. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार कोफॅक्सला तीनदा मिळाला, तोही दोन्ही लीग मिळून वर्षाला एकच पुरस्कार दिला जात असे त्या काळात आणि तिन्ही वेळा एकमताने.

पण तुला उपयोगी पडेल तो कोफॅक्स या पाच वर्षांच्या आधीचा आहे. ब्रुकलिनचा हा मुलगा वास्तुकला शिकायला सिनसिनाटी विद्यापीठात गेला होता, आणि बास्केटबॉल हा त्याचा खरा आवडता खेळ होता. डिसेंबर 1954 मध्ये डॉजर्सनी 14,000 डॉलर बोनस देऊन त्याला करारबद्ध केले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे एवढा बोनस घेणाऱ्या नव्या खेळाडूला पहिली दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे लागे. परिणामी, खालच्या लीगमध्ये रोज खेळून, चुकून, सुधारून जे शिकायचे ते शिकण्याच्या वयात तो बाकावर बसून राहिला. मैदानावर उतरण्याची संधी क्वचित मिळे, आणि मिळाली की तो जिवाच्या आकांताने चेंडू फेके. वेग अफाट होता. 31 ऑगस्ट 1959 रोजी त्याने जायंट्सच्या 18 बॅटरना स्ट्राइक-आउट करून, म्हणजे फटका मारू न देता तीन स्ट्राइकवर बाद करून, बॉब फेलरच्या एका सामन्यातल्या विक्रमाशी बरोबरी केली. पण चेंडू कुठे पडेल याचा भरवसा त्याचा त्यालाही नव्हता. 1960 मध्ये 175 इनिंगमध्ये त्याने 100 बॅटरना फुकट चालत पहिल्या बेसवर पाठवले. सहा वर्षांचा हिशेब होता 36 विजय आणि 40 पराभव. त्या हंगामाच्या अखेरीस त्याने आपले बूट आणि हातमोजे कचऱ्याच्या डब्यात टाकले होते. संघाचे सामान सांभाळणाऱ्या नोब कावानोने ते बाहेर काढून जपून ठेवले, म्हणून पुढच्या वसंतात ते त्याला परत मिळाले.

आता तुझ्या पाच मैलांकडे येतो. 1961 च्या वसंतातील सराव हंगामात डॉजर्सचा दुय्यम संघ ऑर्लँडोला मिनेसोटा ट्विन्सशी खेळायला गेला होता. पहिल्याच इनिंगमध्ये कोफॅक्सने नेहमीसारखा जोर लावला आणि तिघांना ओळीने चालत पाठवून बेस भरले. बाद एकही नाही. तेव्हा कॅचर नॉर्म शेरी माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, गेला आणि त्याने त्याला जोर थोडा कमी करायला सांगितले: चेंडू बॅटरसमोरच्या प्लेटवरून जाऊ दे, त्यांना मारायचा तर मारू दे, आपले खेळाडू आहेत झेलायला. कोफॅक्सने ऐकले आणि पुढचे तिघेही स्ट्राइक-आउट झाले. इनिंग संपल्यावर शेरीने त्याला जे सांगितले ते मी तुझ्यासारख्या प्रत्येक मुलाला सांगत आलो आहे: मुद्दाम हळू टाकायचा प्रयत्न करताना त्याचा चेंडू आधीपेक्षा वेगाने येत होता.

यात जादू काही नाही. चेंडू मुठीत आवळला की मनगट मोकळे राहत नाही, खांदा आधीच उघडतो, डोके प्लेटवरून हलते, आणि पायांतून व कमरेतून वर यायला हवा तो जोर मध्येच कुठेतरी अडतो. मग उरलेली सगळी भरपाई कोपराला करावी लागते. गेल्या शनिवारी तिसऱ्या इनिंगपासून तुझे नेमके हेच होत होते. प्रत्येक चेंडूनंतर तुझी टोपी तिरकी होत होती ती उगाच नव्हे. हात सैल राहिला की चेंडू बोटांवरून शेवटच्या क्षणी सुटतो आणि त्याला जास्त फिरकी मिळते. कोफॅक्सचा फास्टबॉल प्लेटजवळ येताना वर उठतो असे बॅटरना वाटे ते या फिरकीमुळे, आणि त्याचा कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, वरून थेट खाली कोसळे तोही तिच्यामुळेच. पुढचे आकडे बघ. 1961 मध्ये त्याने 269 स्ट्राइक-आउट घेऊन ख्रिस्टी मॅथ्यूसनचा 1903 पासूनचा लीगचा विक्रम मोडला, आणि 1963 मध्ये 311 इनिंगमध्ये 306 स्ट्राइक-आउट घेताना फक्त 58 जणांना चालत पाठवले. तीन वर्षांपूर्वी जवळपास निम्म्या इनिंगमध्ये हाच आकडा 100 होता. माणूस तोच, हातही तोच.

यानंतरचा भाग लिहिताना मला जड जाते. ऑगस्ट 1964 मध्ये मिलवॉकीला बेसवर परत झेप घेताना तो डाव्या कोपरावर पडला. त्यानंतरही त्याने सामने जिंकले, आणि मग एका सकाळी उठल्यावर हात सरळच होईना. डॉक्टर रॉबर्ट केर्लन यांनी निदान केले ते इजेतून आलेल्या संधिवाताचे. पुढच्या वसंतात एका सराव सामन्यानंतर तो जागा झाला तेव्हा सगळा हात आतल्या रक्तस्रावाने काळानिळा पडलेला होता. अशा हाताने त्याने 1965 मध्ये 335 आणि 1966 मध्ये 323 इनिंग टाकल्या आणि दोन्ही वर्षी 27 सामने एकट्याने पुरे केले. सामन्याआधी हातावर कॅप्सोलिन चोळले जाई. हे मिरचीच्या अर्काचे मलम इतके जहाल असे की साध्या माणसाला ते सोसवत नसे. सांध्यात कॉर्टिसोनची इंजेक्शने, पोटात वेदनाशामक गोळ्या, आणि सामना संपला की कोपर बर्फाच्या पाण्यात. हात इतका आखडला होता की कोटाची डावी बाही शिंप्याकडून आखूड करून घ्यावी लागे.

तुझ्या वयाच्या मुलांना या दोन वर्षांचा मोह पडतो, हे मला ठाऊक आहे. 14 ऑक्टोबर 1965 चा वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे दोन्ही लीगांच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेचा, सातवा सामना तू नक्कीच पाहिला असशील: फक्त दोन दिवसांची विश्रांती, कर्व्ह अजिबात पडत नाही, म्हणून जवळजवळ निव्वळ फास्टबॉलवर तीन हिट, दहा स्ट्राइक-आउट आणि 2-0 असा विजय. तो सामना थोरच आहे. मीही तो पुन्हा पाहताना दरवेळी खुर्चीच्या कडेवर येतो. पण तो पाहून दुखणे सोसणे म्हणजेच मोठेपण असे तू ठरवणार असशील, तर आधी त्याच मालिकेचा पहिला सामना आठव. तो योम किप्पूरच्या दिवशी, म्हणजे ज्यूंच्या सर्वांत पवित्र उपवासाच्या दिवशी आला होता, आणि कोफॅक्स त्या दिवशी खेळला नाही. त्याच्या जागी डॉन ड्राइसडेल उतरला आणि डॉजर्स 8-2 हरले. संघाला सर्वाधिक गरज असताना नाही म्हणणारा आणि आठ दिवसांनी तो सातवा सामना जिंकून देणारा माणूस एकच आहे, आणि त्याच्या नकारामुळे संघाने त्याला कमी लेखले नाही.

पुढच्याच वसंतात कोफॅक्स आणि ड्राइसडेल या दोघांनी मिळून करारावर सही करायला नकार दिला. पगाराच्या बोलणीत क्लब एकाचे नाव पुढे करून दुसऱ्याला गप्प बसवत होता, हे त्यांनी ओळखले होते. खेळाडू आयुष्यभर एकाच क्लबला बांधलेला असे आणि त्याला दुसरीकडे जाण्याची मुभा नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. 32 दिवसांनी तडजोड झाली आणि कोफॅक्सला 1,25,000 डॉलर मिळाले. आज पिचरना मिळणाऱ्या रकमा वाचून तू थक्क होतोस, तेव्हा हे 32 दिवस लक्षात ठेव. खेळाडूंना खुल्या बाजाराचा हक्क त्यानंतर दहा वर्षांनी मिळाला.

आणि मग 18 नोव्हेंबर 1966. त्या हंगामात 27 सामने जिंकून, 1.73 च्या सरासरीने लीगमध्ये अव्वल राहून, वयाच्या 30 व्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. बेसबॉल संपल्यानंतरही आपल्याला बरीच वर्षे जगायचे आहे आणि ती धडधाकट शरीराने जगायची आहेत, असे त्याने पत्रकारांना सांगितले. 1972 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी तो बेसबॉलच्या थोर खेळाडूंना मान देणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. इतक्या लहान वयात तो मान आजवर दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही. डॉजर स्टेडियमबाहेर जून 2022 मध्ये त्याचा पुतळा बसवला, तो आपण दोघांनी पाहिला आहे. त्या दिवशी तू त्याच्या उंच उचललेल्या उजव्या पायाकडे बोट दाखवून बोलत राहिलास आणि मी डाव्या कोपराकडे पाहत होतो.

केर्लन यांचे सहकारी डॉक्टर फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये टॉमी जॉन या डॉजर्सच्याच डावखुऱ्या पिचरच्या डाव्या कोपरात उजव्या हाताचा स्नायुबंध बसवला आणि त्यानंतर जॉनने आणखी 164 सामने जिंकले. ती शस्त्रक्रिया आज इतकी सर्रास होते की हायस्कूलमधली मुले तिच्याविषयी दाताच्या तारेसारखी बोलतात. हे ऐकले की मला वेदना होतात. बारा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली खेळणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलाला मी एकाच स्पर्धेत लागोपाठ दोन दिवस उतरवले. तो हो म्हणाला म्हणून मी त्याला उतरवले, आणि माझा चेहरा पाहून तो हो म्हणाला. त्याच्यावर ती शस्त्रक्रिया झाली, वर्ष वाया गेले, आणि नंतर तो पूर्वीसारखा कधीच टाकू शकला नाही. चूक माझी होती. तुझ्याबाबतीत ती पुन्हा होऊ देणार नाही.

आता काय करायचे ते सांगतो. मेजर लीग आणि अमेरिकेची राष्ट्रीय बेसबॉल संघटना यांनी मिळून ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे 15-16 वर्षांच्या मुलाने एका दिवसात 95 पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि 76 किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग करू नये. तू शाळेच्या संघाकडून आणि शनिवारच्या क्लबकडून असे दोन्हीकडे टाकतोस, आणि दोन्ही प्रशिक्षक आपापलेच चेंडू मोजतात. बेरीज कोणीच करत नाही. ती आजपासून तू करायची आणि दोघांनाही दाखवायची. पण त्याआधी कोपर डॉक्टरांना दाखवायचे, आणि ते हो म्हणेपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही. बाबांना तू स्वतः सांग, आज रात्रीच. बुधवारी संध्याकाळी मी घरी येणार आहे. तोवर तू बोलला नसलास तर मी बोलेन, आणि तुझा माझ्यावर राग झाला तरी तो मला चालेल.

शनिवारी मात्र मैदानावर ये. एक वही आणि पेन्सिल आण आणि माझ्या शेजारी बस. डॉजर्सचा आकडेतज्ज्ञ ॲलन रॉथ प्रत्येक चेंडूची नोंद ठेवत असे, आणि पहिला चेंडू स्ट्राइक पडला, म्हणजे बॅटरकडून हुकला किंवा मारण्याजोगा असूनही त्याने सोडला, की बॅटरची धार किती कमी होते, हे त्याने कोफॅक्सला त्या नोंदींवरून दाखवले होते. दोन्ही संघांच्या प्रत्येक बॅटरसाठी दोन रकाने आख: पहिला चेंडू स्ट्राइक होता की नाही आणि पुढे त्याचे काय झाले. सातवी इनिंग संपली की आपण दोघे मिळून बेरीज करू.

तुझा,
काका