सकाळी बोटं आखडतात म्हणजे संधिवातच का?

सकाळी मूठ वळत नाही, तर संधिवाताच्या सगळ्या रक्ततपासण्या करून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण याच घोळात सहा महिने घालवलेत म्हणून लिहितो.

माझी अनामिका सकाळी वाकलेलीच असायची. दुसऱ्या हातानं सरळ केली की खट्‌कन उघडायची आणि कळ यायची मधल्या पेरात. म्हणून मी पेरालाच मलम चोळत बसलो. हाताच्या डॉक्टरांनी पेराकडे पाहिलंसुद्धा नाही. तळहातावर, बोटाच्या मुळाशी अंगठा दाबून म्हणाले, "आता मूठ उघडा-मिटा." तिथे कातडीखाली एक बारीक गाठ सरकली, मलाही जाणवली. ट्रिगर फिंगर! बोट वाकवणारा स्नायुबंध ज्या कड्यातून जातो ते जाड होतं आणि तो अडकतो. एक्स-रे नाही, काही नाही. साखर तेवढी तपासायला सांगितली, कारण मधुमेहात हे जास्त होतं. स्टिरॉइडच्या एका इंजेक्शननं दोन-तीन आठवड्यांत बोट सुटलं. (मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, आधीच विचारून ठेवा.) पुन्हा अडकलंच तर जागा बधिर करून ते कडं मोकळं करतात.

तुमचं वेगळं असू शकतं. दोन्ही हातांचे मुळाचे आणि मधले सांधे सुजतात, आखडलेपण तासभर जात नाही, असं असेल तर आमवाताची (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात) शंका घ्या आणि उशीर करू नका. झिजलेला सांधा परत येत नाही. तेव्हा आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या कामाच्या. पण आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाहीच, असं नसतं. नखाजवळचे सांधे गाठाळ आणि थोड्या हालचालीनं मोकळे होणारे, तर बहुधा वयाची झीज. अंगठा, तर्जनी, मधल्या बोटाला रात्री मुंग्या येऊन जाग येते? मग मनगटात नस दबतेय का ते बघायला हवं.

एक घरी करून बघा: नमस्कारासारखे तळवे जुळवा. बोटं एकमेकांना सपाट टेकत नसतील तर आधी साखर तपासा, मधुमेहातही बोटं अशी ताठ होतात.

तोवर कोमट पाण्यात हात धरून हळू मूठ वळवा. बोटं ओढून ताणून सरळ करू नका, मी ते करून सूज वाढवली होती.